देव पाण्यात आहेत, ठकी अजून आली नाही

प्रश्न : ताई, आमची मांजर ठकी लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना घाबरून बाल्कनीतून निसटली ती अजून आलेली नाही, तुळशीचं लग्नसुद्धा होऊन गेलं. पांढरी आहे, शेपूट तेवढी काळी, ऑपरेशन झालेलं आहे, कधी बाहेर गेलेली नाही. आम्ही कर्वेनगरला पहिल्या मजल्यावर राहतो. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवलेत आणि हरवलेलं सापडावं म्हणून रोज कार्तवीर्याचा श्लोक म्हणतात. मिस्टर म्हणतात गेली ती, मांजरच होतं, आता विषय बंद कर. मी रात्री बाल्कनीचं दार उघडं ठेवून, दुधाची वाटी भरून झोपते. देवाकडे मांजरासाठी मागणं बरं दिसतं का? आणि वाट बघायची ती किती दिवस? एका गुरुजींनी प्रश्नकुंडली मांडून ईशान्येला आहे, जिवंत आहे असं सांगितलंय, पुढचं सांगायला शांत करावी लागेल म्हणाले.
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : शेवटचं आधी घेते. गुरुजींना लांबूनच नमस्कार करा. कर्वेनगरच्या ईशान्येला डेक्कन येतं, शिवाजीनगर येतं, येरवडा येतं, पार विमानतळापर्यंत सगळं पुणं येतं, त्यामुळे एवढं सांगायला कुंडली लागत नाही. शांतीचे पैसे मांजराच्या खाण्याला ठेवा.

मांजरासाठी मागण्यात वावगं काय आहे? कुत्र्याने भाकरी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या कार्तवीर्याचा श्लोक सासूबाई म्हणतायत तो दत्ताचा भक्त, आणि दत्ताच्या फोटोत पायाशी कुत्री असतातच. षष्ठीदेवीचं तर वाहनच मांजर. तेव्हा खुशाल मागा. देव पाण्यात ठेवून त्याला कोंडीत पकडणं मला स्वतःला फारसं रुचत नाही, पण सासूबाईंना ते बंद करायला सांगू नका, या वयात त्यांना पार्किंगमध्ये वाकून गाड्यांखाली बघता येत नाही म्हणून त्या त्यांना जमतं ते करतायत. तुम्हाला मात्र वाकता येतं.

आणि इथेच माझं तुमच्याशी थोडं भांडण आहे. दार उघडं ठेवून झोपणं ही वाट बघणं झाली, शोधणं नाही. कधीच बाहेर न गेलेलं मांजर घाबरून पळालं की बहुतेक वेळा लांब जात नाही, जवळच कुठेतरी अंग चोरून बसतं, आणि तुम्ही समोरून हाका मारत गेलात तरी ओ देत नाही, भीतीपोटी गप्प राहतं. त्यामुळे संध्याकाळी सोसायटीभर ‘ठकी ठकी’ करत फिरून ती नाही असं ठरवू नका. रात्री दोन-तीनला, रस्त्यावरची वर्दळ थांबली की टॉर्च आपल्या डोळ्यांजवळ धरून खाली-खाली बघा, मांजराचे डोळे अंधारात चमकतात. पंपरूम, जिन्याखालची अडगळ, कव्हर घातलेल्या टू-व्हीलर, डक्ट, गच्चीतल्या टाकीमागची जागा, शेजारच्या सोसायटीचंही सगळं हेच. कबुतरांसाठी डक्टला जाळी मारतात ना, तिच्या आत मांजर शिरलं तर बाहेर यायला वाट नसते, वॉचमनला सांगून तिथे नक्की बघा. वाटीतलं दूध भटक्या बोक्यांच्या पोटात जात असणार आणि त्यांच्या भीतीने ती जवळ येणार नाही, म्हणून खाणं ठेवायचं तर वासाचं ठेवा (घरात चालत असेल तर सुकट) आणि ते ठेवून लांब गप्प बसून राहा. तिची गोधडी धुतली नसेल तर तीही खाली नेऊन ठेवा.

आणखी एक, थंडीत मांजरं गाडीच्या बॉनेटमध्ये ऊब शोधत शिरतात आणि सकाळी गाडी हिंजवडीला पोचली की तिथे उतरतात. दिवाळीनंतरच्या दिवसांत कोणाची गाडी कुठे गेली होती हे पार्किंगवाल्यांना विचारा, लोक हसतील, हसू देत. रोज कचरा घ्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंना फोटो दाखवा, त्या दारोदार जातात, त्यांच्याइतकं गल्लीतलं कोणाला माहीत नसतं. दूधवाला, पेपरवाला. पोस्टर करा पण विजेच्या खांबावर चिकटवू नका, मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे, त्यापेक्षा किराणावाल्याला विनंती करून काचेच्या आतून लावा. तिची एखादी खूण फोटोत मुद्दाम लपवून ठेवा, बक्षिसाचा आकडाही लिहू नका. मांजर आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा असे फोन येतात, त्यांना तीच खूण विचारायची आणि व्हिडिओ कॉलवर मांजर दाखवा म्हणायचं.

आता जे तुम्ही टाळलं असेल ते. तुमच्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य कोठीत जाऊन रस्त्यावर मेलेलं असं मांजर उचललं होतं का, हे विचारून या. नको वाटतं, मला कळतंय. एकट्या जाऊ नका, मिस्टरांना न्या. ते विषय बंद कर म्हणतात त्याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा मी तरी घेणार नाही, काही माणसांना वाट बघणं सोसतच नाही म्हणून ती लवकर दार लावून घेतात. त्यांना दुःख कर म्हणू नका, काम सांगा, करतील.

किती दिवस, याची तारीख मी देणार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, काही तर त्याहून उशिरा परत आलेली मांजरं आहेत आणि न आलेलीही पुष्कळ आहेत. रोज रात्री जागू नका, आजारी पडाल. आठवड्यातून एक रात्र ठरवून टॉर्च घेऊन फिरा, बाकीच्या रात्री झोपा. मध्येच दुसरं पिल्लू घरात आलं तर ते ठकीशी बेइमानी वगैरे नाही हो, फक्त मिस्टरांच्या समाधानासाठी म्हणून आणू नका. आणि ती आली तर आधी डॉक्टरकडे न्या आणि मायक्रोचिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली घालतात, १५ आकडी नंबर असतो. मात्र त्यात जीपीएस नसतं हे लक्षात ठेवा, कोणीतरी सापडलेलं मांजर नेऊन स्कॅन केलं तरच उपयोग.

प्रश्न : आमचा पोपट पिंजरा साफ करताना उडून गेला. मुलगी रोज गच्चीत पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून पेरूची फोड ठेवते. परत येईल का?
— एक बाबा, धनकवडी

उत्तर : हिरवा, लाल चोचीचा, आपल्याकडचाच असेल तर तो येऊ नये अशीच इच्छा धरा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो पाळणं गुन्हा आहे, अर्ध्या पुण्याला हे ठाऊक नाही आणि उरलेल्या अर्ध्याला ठाऊक असून पिंजरे लटकलेले असतात. मुलीला खरं सांगा, पोपट रागावून गेला नाही, त्याला उडता येतं म्हणून गेला. पण घरात वाढलेला पक्षी मांजराला, माणसाला घाबरत नाही, त्यामुळे तो जवळपास जमिनीवर किंवा खिडकीत येऊन बसला तर पुन्हा पिंजऱ्यात न टाकता वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. पेरू ठेवायला हरकत नाही, कोणीतरी खाईलच. पिंजरा तेवढा या रविवारी भंगारात द्या.