झोपेचा वेळ पाजण्यातून काढू नकोस

चि. पोरी,

तुझा पहाटेचा मेसेज वाचला. सिझरचा चौथा दिवस, टाके ओढतायत, बाळ रात्रभर अंगावर, आणि आई, आत्या, शेजारच्या काकू अशा तिघींचं एकमत झालंय की रात्री डब्याचं दूध द्यावं, म्हणजे बाळही झोपेल आणि तूही झोपशील. त्यांची माया खोटी नाही. पण वेळ काढायची जागा चुकतेय. झोपेचा वेळ पाजण्यातून काढायचा नाही, बाकी सगळ्यातून काढायचा. हे मी पुन्हापुन्हा सांगणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

रात्रीचंच का, असं तू विचारलंस. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन रात्रीच्या पाजण्याला जास्त वाढतं. शिवाय पहिले काही आठवडे अंग एकच गोष्ट बघतं, दूध किती निघालं. जितकं निघतं तितकं पुढं बनतं. रोज रात्री दोनदा डबा दिलास, तर तेवढ्या दुधाची गरजच नाही असं अंग धरून चालतं. आठवड्यानं दूध आटायला लागतं आणि मग त्याच बायका म्हणतात, ‘हिला दूधच नाही.’ माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. दूध नसलेल्या बायका मला क्वचितच भेटल्या. दूध येऊ न दिलेल्या खूप भेटल्या. घरात आणलेला तो डबा एकदा हातात घेऊन वाच. आईचं दूध सर्वांत चांगलं, हे त्यावर छापणं 1992च्या कायद्यानं सक्तीचं आहे, आणि त्याच कायद्यानं त्याच्या जाहिरातीवर बंदी आहे.

दुसऱ्या रात्री बाळानं तुला सोडलंच नाही, म्हणून तू घाबरलीस. बहुतेक बाळं त्या रात्री तशीच वागतात. चीक थोडाच येतो, पहिल्या दिवशी एका वेळेला जेमतेम चमचाभर, आणि बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो. सारखं ओढून ओढून ते पुढचं दूध उतरवून घेत असतं. सिझरनंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. 3 किलोचं बाळ 2 किलो 800 ग्रॅमवर आलं म्हणून आत्या हळहळतेय ना? एवढी घट पहिल्या दिवसांत होतेच. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत भरायला हवं. तोवर ते 3 तासांच्या वर झोपून राहिलं तर उठवून पाज. दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजणं व्हायला हवं. रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधू नकोस, लंगोट मोज. पाचव्या-सहाव्या दिवसापासून 24 तासांत 6 तरी ओले झाले आणि काळी शी जाऊन पिवळी यायला लागली, की दूध पुरतंय.

आता झोप. ती जाते कुठं ते बघ. काल तुझ्याकडे दुपारभर माणसं होती, हे तूच लिहिलंयस. तू उठून बसलीस, डोक्यावर पदर घेतलास, बाळ कोणावर गेलंय ही चर्चा ऐकलीस. मधे बाळ भुकेलं तर चारचौघांत पाजायला संकोचलीस आणि ‘जरा वेळानं’ म्हणालीस. त्या दोन-तीन तासांत तुझी झोपही गेली आणि बाळाचं एक पाजणंही गेलं. मग रात्री डबा! पोरी, डबा रात्री लागला खरा, पण त्याचं कारण दुपारी येऊन बसलं होतं.

मला हे इतकं लागतं, कारण माझ्या पहिल्या बाळंतपणात दाराशी कोणीच उभं राहिलं नाही. आम्ही मिलच्या चाळीत राहायचो, दोन खोल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अंत नव्हता. मी हसतमुखानं बसायचे. दुसऱ्या महिन्यात लेकाच्या तोंडात बाटली आली. तो आज धडधाकट आहे, पण ती हळहळ अजून गेलेली नाही. म्हणून सुनेच्या वेळी मी स्वतः दाराशी बसले. भर उन्हात अक्कलकोटहून आलेल्या तिच्या मावशीला मी बाहेरच्या खोलीत सरबत दिलं आणि आत सोडलं नाही. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. फटकळ म्हणतात मला. म्हणू देत. आत सून झोपली होती आणि उठल्यावर तिला पाजायचं होतं. तीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा तसंच करीन. पूर्वी सोयराचे दहा दिवस बाळंतिणीला कोणी शिवायचं नाही. तो विटाळ मी मानत नाही, पण त्या निमित्तानं मिळणारी सवड तरी राखा!

पाजणं तुझं, बाकी सगळं घराचं. रात्री पाजून झालं की बाळ आईच्या हातात दे. ढेकर, लंगोट, झोपवणं तिचं. पुन्हा भुकेनं तोंड फिरवायला लागलं की ती आणून देईल. शनिवारी नवरा हुतात्मा एक्सप्रेसनं येईल, त्याला बाळाकडे नुसतं बघत बसू देऊ नकोस. त्या दोन रात्री आईच्या जागी त्याला लाव. कुशीवर झोपून पाजायला शीक, टाक्यांवर भार येत नाही. मात्र गादी घट्ट हवी आणि चादर, उशी बाळाच्या तोंडापासून लांब. खुर्चीत पेंगत पाजू नकोस. बाळाचं तोंड मोठं उघडलं की मगच जवळ घे. नुसतं टोक चोखलं तर बोंडाला चिरा पडतात आणि पोटही भरत नाही.

मे महिन्यात सोलापूर 42-43 अंशांपर्यंत तापतं, म्हणून बाळाला चमचाभर पाणी द्यायला कोणीतरी सांगेलच. नाही द्यायचं. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं, फक्त जास्त वेळा पाज. मध नको, गुटी नको. पाणी तू पी. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी अजिबात नको.

माझा हट्ट कुठं थांबतो तेही सांगते. बाळ पाजायला उठतच नसेल, लघवी कमी होत असेल, पिवळेपणा पोटा-पायांपर्यंत उतरला असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, तर त्याच घडीला डॉक्टरकडे जायचं. त्यांनी वजन बघून वरचं दूध सांगितलं तर मुकाट्यानं द्यायचं, वाटी-चमच्यानं, आणि त्या वेळी आपलंही दूध काढायचं. तुला ताप आला, छाती लाल होऊन ठणकायला लागली, टाक्यांतून पू आला किंवा रक्त फार जायला लागलं, तरी थांबायचं नाही. रडू येणं दोन आठवड्यांच्या पुढं गेलं, किंवा बाळ झोपलेलं असूनही तुला झोप लागेनाशी झाली, तर तेही डॉक्टरांना सांग.

आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती, आली तर तिला मात्र आत घे. सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत तिच्या ठरलेल्या फेऱ्या असतात. ती बाळाचं वजन करील, तुझं पाजणं बघील.

उद्या पाचवी. पाटा-वरवंटा, कोरा कागद, पेन, सगळं पुढच्या खोलीत मांडू दे. पूजा तुझी आई करील, तू कुंकवापुरती ये आणि परत आत जा. मी नऊ वाजता येते, येताना अळिवाची खीर आणते. आईला सांग, दाराशी एक खुर्ची ठेव, आणि आत्यांना मी बघून घेईन.

तुझी मावशी