कॅथलिक शाळेतील पाचवी ते आठवीचा अभ्यासक्रम

प्रश्न : मुलीला कोल्हापुरातील कॅथलिक शाळेत पाचवीला घालायचे आहे. तेथे धर्मशिक्षण सक्तीचे असते का? – एक पालक, राजारामपुरी

उत्तर : शाळा कॅथलिक संस्थेची असली, तरी गणित, विज्ञान, इतिहास हे विषय ती ज्या मंडळाशी संलग्न असते त्याच्याच अभ्यासक्रमानुसार शिकवले जातात, म्हणून राज्य मंडळ की आयसीएसई, हे आधी विचारावे. मराठी २०२०च्या कायद्याने सक्तीची आहे. बायबलवर आधारित धर्मशिक्षणाचा तास सहसा कॅथलिक मुलांपुरता असतो आणि इतर मुले त्या वेळी मूल्यशिक्षणाला बसतात. शिवाय राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार, मान्यताप्राप्त शाळेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. मूल्यशिक्षणाचे पुस्तक मात्र आपण स्वतः चाळावे, असे मला मनापासून वाटते. खरे बोलणे, वडीलधाऱ्यांचा मान अशा पाठांवर घरीही बोलता येईल.