22 वर्षांच्या दिव्यांग मुलीचं गर्भाशय आईवडिलांच्या सहीवर काढता येतं का? (मुंबई)
नाही. ती सज्ञान आहे, संमती तिचीच हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 10 : वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्या मुक्त, माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही. बोलता येत नसेल तर खुणा, चित्रं, दुभाषी वापरा; आणि विचारताना घरच्यांना बाहेर बसवा.

'पाळीचा त्रास, शिवाय कुणी गैरफायदा घेतला तर?' हे ठरलेलं कारण. गर्भाशय काढून अत्याचार थांबत नाही, फक्त लपतो.

तारीख ठरली असेल तर हॉस्पिटलला तिचा लेखी नकार द्या, पोच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील (शहर आणि उपनगराची कार्यालयं वेगळी) स्त्रियांना फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जबरदस्तीने नेत असतील तर 112.