पप्पांचं दुसरं लग्न आणि रजिस्टर केलेलं मृत्युपत्र

प्रश्न: मी इंदूरला राहते, वय ३२, शाळेत शिकवते. आम्ही मराठी ख्रिस्ती. मम्मी गेल्यावर २०१४ मध्ये पप्पांनी रजिस्टर्ड मृत्युपत्र केलं. त्यात मुसाखेडीचं घर मला आणि बँकेतल्या ठेवी धाकट्या भावाला दिल्या. २०१८ मध्ये त्यांनी चर्चमध्ये दुसरं लग्न केलं. गेल्या वर्षी पप्पा गेले. आता आंटी (मी त्यांना तसंच म्हणते) नगर निगमात घराचं नामांतरण स्वतःच्या नावावर करून मागत आहेत. शाळेतली मैत्रीण म्हणते, रजिस्टर्ड आहे तर घाबरायचं काय? तिच्या मामांनीही दुसरं लग्न केलं होतं, त्यांच्या मृत्युपत्राला काही झालं नाही. आंटींच्या लग्नाची सरकारी नोंद नाही, मग ते लग्न धरलं जाईल का? घर माझंच आहे ना?

उत्तर: तुमचं पत्र साडेचार पानांचं आहे. त्यातली चार पानं आंटींवर गेली आहेत. कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे, मम्मीच्या शिलाई मशीनवर टीव्ही कोणी ठेवला, यंदा नाताळच्या करंज्यांत खोबरं नव्हतं. वाचून वाईट वाटलं, पण कोर्टाला यातलं काही नको. कोर्ट आधी दोन तारखा बघेल, एक मृत्युपत्राची आणि एक लग्नाची. मृत्युपत्र आधीचं, लग्न नंतरचं. ज्या दिवशी पप्पांनी दुसरं लग्न केलं, त्याच दिवशी ते मृत्युपत्र रद्द झालं.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ६९. मृत्युपत्र करणाऱ्यानं लग्न केलं की त्याचं आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. फाडावं लागत नाही, कोणाला कळवावं लागत नाही, त्याची इच्छा काय होती हेही विचारलं जात नाही. कलमात एक अपवाद आहे, पण तो तुमच्या घराला लागू नाही. रजिस्टर्ड असल्यानं काही फरक पडत नाही. मृत्युपत्र रजिस्टर करणं मुळात सक्तीचंच नाही. रजिस्ट्रीच्या शिक्क्यानं कागद कधी झाला ते कळतं, आज तो जिवंत आहे का ते कळत नाही.

मैत्रीण खोटं बोलली नाही. तिच्या घरासाठी ते बरोबरच आहे. हिंदूंच्या मृत्युपत्राला कलम ५७ लागतं आणि तिथं स्पष्ट लिहिलंय की लग्नानं मृत्युपत्र रद्द होत नाही. कायदा एकच, पण तिच्या मामांना एक कलम आणि तुमच्या पप्पांना दुसरं. स्टाफरूममध्ये चहाबरोबर मिळणारा कायदा बहुधा असाच असतो, सांगणाऱ्याच्या घरी खरा. असे प्रश्न माझ्याकडे सारखे येतात आणि दरवेळी मृत्युपत्र मोठ्या प्रेमानं जपलेलं असतं.

लग्न नाकारायचा विचार सोडा. चर्चमधलं लग्न १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतं, नोंद चर्चच्या रजिस्टरात होते आणि त्या नोंदीची प्रमाणित नक्कल कोर्टात पुरावा म्हणून चालते. ती काढायला आंटींना एक सकाळ पुरेल. शिवाय तुम्हीच लिहिलंय की त्या दिवशी केक तुम्ही आणला होता. पाळकसाहेबांकडे परवाना होता की नाही असलं खोदकाम एखादा वकील सुचवेल. मी सुचवणार नाही.

महिला मंडळातल्या बहिणी साक्ष द्यायला तयार आहेत, पप्पा त्यांच्यासमोर म्हणाले होते की घर मुलीचं. त्यांचे आभार माना आणि त्यांना घरीच राहू द्या. तोंडी मृत्युपत्राची सवलत लढाईवरच्या सैनिकाला, वैमानिकाला आणि समुद्रावरच्या खलाशाला आहे. प्रार्थनासभेनंतर बोललेल्या वाक्याला नाही.

मृत्युपत्र नाही असं धरलं तर हिशेब असा. विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश. तुम्ही दोघं म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा धाकटा, याला या कायद्यात जागा नाही. आंटींना पहिल्या लग्नाचा मुलगा आहे, त्याला पप्पांच्या मालमत्तेत काही नाही. थोडक्यात, संपूर्ण घर आंटींचं नाही आणि या हिशेबानं तुमचंही नाही. बँकेतल्या ठेवींचीही तीच वाटणी, नॉमिनी कोणीही असो. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी येत नाही. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं हे १९८४ मध्येच सांगितलं होतं. विम्याचा नियम पुढे २०१५ मध्ये जवळच्या नातेवाइकांपुरता बदलला, ठेवींचा तोच आहे.

इथं तुमच्या भावाबद्दल एक शब्द. तो 'ताई, तू बघ' म्हणून गप्प आहे, असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मृत्युपत्र टिकलं तर त्याला फक्त ठेवी. मोडलं तर तिसरा हिस्सा घरातही. त्यानं हा हिशेब केला असेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या बाजूनं तो उभा राहील असं धरून चालू नका.

आता पत्राचं शेवटचं अर्धं पान. पेन संपत आल्यासारखं तुम्ही लिहिलंय: "तसं २०२१ मध्ये हॉस्पिटलात पप्पांनी एका कागदावर लिहून दिलं होतं की २०१४ चं मृत्युपत्र कायम आहे, घर मुलीचं. खाली पप्पांची सही, माझ्या मिस्टरांची आणि शेजारच्या काकांची. खराब होऊ नये म्हणून मी लॅमिनेट करून घेतलं."

बाई, तुमची सगळी केस या चिठ्ठीत आहे आणि ती तुम्ही सगळ्यात शेवटी सांगता! वर ते लॅमिनेशन. अक्षर आणि सही तपासणारा तज्ज्ञ शाई बघतो, कागदावरचा दाब बघतो. प्लास्टिकखाली ते नीट करता येत नाही. आता ते सोलायला जाऊ नका, आहे तसं ठेवा.

चिठ्ठीला एवढं महत्त्व का, तर कलम ७३. रद्द झालेलं मृत्युपत्र पुन्हा जिवंत करायला दोनच वाटा आहेत. ते नव्यानं, साक्षीदारांसह, सही करून करायचं, किंवा पुरवणी लिहायची आणि तिच्यात जुनं जिवंत करायचा इरादा दिसला पाहिजे. वकिली भाषेत या पुरवणीला कोडिसिल म्हणतात. हॉस्पिटलच्या कागदाची पाठकोरी बाजूही चालते, पण सह्या मृत्युपत्रासारख्याच व्हाव्या लागतात. दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकानं पप्पांना सही करताना पाहिलेलं हवं किंवा 'ही माझी सही' असं पप्पांनी त्याला सांगितलेलं हवं. आणि प्रत्येकानं स्वतःची सही पप्पांच्या समोर केलेली हवी. दोघं एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही.

या 'समोर' शब्दावर तुमचं घर अडलंय. तुम्ही लिहिलंय की काका डबा घेऊन आले होते आणि त्यांनी 'तिथंच' सही केली. तिथंच म्हणजे कुठं? खाटेजवळ? की त्या वेळी आत एकालाच सोडत होते म्हणून बाहेर बाकावर, डब्यावर कागद ठेवून? बाहेर केली असेल तर साक्षीदार एकच उरतो. चिठ्ठी गेली, मृत्युपत्र गेलं, एक तृतीयांशावर या.

खाटेजवळ झाली असं धरलं, तरी दोन खाचखळगे राहतात. पहिला तुमच्या मिस्टरांचा. कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या नवरा-बायकोला दिलेली देणगी बाद होते. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की जुन्या मृत्युपत्राला दुजोरा देणाऱ्या पुरवणीवर लाभार्थ्यानं साक्षीची सही केली तर त्याचा लाभ बुडत नाही. तुमचं मृत्युपत्र त्या दिवशी रद्दच होतं. मग चिठ्ठीनं दुजोरा दिला की प्राण फुंकले? समोरचा वकील म्हणेल प्राण फुंकले, म्हणून देणगी चिठ्ठीतूनच मिळाली, म्हणून बाद. तुमचा म्हणेल देणगी २०१४ च्या कागदातूनच आहे. दोन्ही बाजूंनी बोलता येतं, निकालाची हमी मी देणार नाही.

दुसरा खळगा, चिठ्ठी लिहिली कोणी? पप्पांच्या अक्षरात असेल तर उत्तम. तुमच्या अक्षरात असेल तर आजच तुमच्या वकिलाला सांगा. ज्याला लाभ मिळतो त्यानंच कागद बनवण्यात पुढाकार घेतला असेल तर संशय दूर करायची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सुप्रीम कोर्टानं १९५९ पासून धरून ठेवलंय. लपवलेलं उलटतपासणीत बाहेर आलं की खरी सहीसुद्धा खोटी वाटू लागते.

कोर्टाचं काम पटकन उरकतो. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची धास्ती नको, ख्रिस्ती लोकांवरची ती सक्ती २००२ च्या दुरुस्तीनं उठली. नगर निगमात नामांतरणावर लेखी हरकत याच आठवड्यात द्या आणि आवक क्रमांकाची पावती घ्या. नामांतरणानं मालकी ठरत नाही, पण त्या कागदावर गिऱ्हाईक गटवता येतं. नोटीस तुम्हाला फेब्रुवारीत मिळाली आणि तुम्ही 'ईस्टर होऊ दे' म्हणून थांबलात. या थांबण्याला काय म्हणावं! मग दिवाणी दावा. आधी मागा की घर मृत्युपत्रानं माझं, ते न टिकल्यास माझा एक तृतीयांश वाटून द्या. दोन्ही मागण्या एकाच दाव्यात. पहिलीच धरून बसलात आणि ती पडली, तर वाटणीसाठी दुसरा दावा. आणि आपल्याकडे एक दिवाणी दावा म्हणजे तुमची बालवाडीतली मुलगी कॉलेजात जाईल. विक्रीवर मनाईचा अर्ज दाव्याबरोबरच द्या. हक्क जाहीर करून मागण्याच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे आणि ती हक्क नाकारला गेल्यापासून धावते, म्हणजे धावू लागली आहे.

समेटाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. चिठ्ठी टिकली तर आंटींच्या हाती शून्य येतं, कारण घर तुमचं आणि ठेवी भावाच्या. नाही टिकली तर त्यांना सगळ्याचा तिसरा हिस्सा. त्यांनाही हे कोणीतरी समजावलं असणार. शेवटची तीन वर्षं पप्पांना इन्सुलिन त्यांनी दिलं, हेही तुमच्याच पत्रात आहे, चौथ्या पानावर, कंसात. त्यांना हयातभर राहायची जागा आणि घर तुमच्या नावावर, असा काही करार होत असेल तर नीट स्टॅम्प लावून रजिस्टर करा. पाळकसाहेबांसमोर हातात हात देऊन नको.

आणखी एक. पप्पांना कागदांची हौस, म्हणून २०१४ मध्ये स्वतःचं केलं त्याच दिवशी तुमच्याकडूनही मृत्युपत्र करून घेतलं होतं, मम्मीचं सोनं आणि तुमची एफडी भावाला. तुमचं लग्न २०१९ चं. तेही त्याच कलमानं रद्द झालंय. आज तुम्हाला काही झालं तर नवऱ्याला एक तृतीयांश, मुलीला दोन. तसंच हवं असेल तर काही करू नका. वेगळं हवं असेल तर नवं करा आणि साक्षीला मिस्टरांना पुन्हा उभं करू नका.

काका ७६ वर्षांचे आहेत, म्हणता. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायला निदान एक साक्षीदार बोलवावा लागतो, आणि मिस्टरांच्या शब्दाला कोर्ट किती वजन देईल ते तुम्हीच ओळखा. दावा दाखल झाला की काकांची साक्ष लवकर नोंदवावी असा अर्ज देता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची सोय आहे, ऑर्डर १८, नियम १६. पण त्याआधी रविवारी उपासना झाली की त्यांच्याकडे जा. चिठ्ठी बरोबर नेऊ नका, मिस्टरांनाही नाही. त्या दिवशी काय झालं एवढंच विचारा आणि मधे बोलू नका.