भात लावणीनंतर पायाला चिखल्या झाल्यात, काय लावू?

खानापूरकडं लावणीच्या दिवसांत हे घरोघरी. बोटांच्या बेचक्यातली कातडी भिजल्या पोह्यांसारखी पांढरी आणि खाज असेल, तर बहुतेक बुरशीच. रात्री पाय धुऊन बेचकी सुती फडक्यानं कोरडी करा, मगच क्लोट्रिमॅझोल मलम, दिवसातून 2 वेळा. खाज चार दिवसांत थांबली की माणूस मलम सोडतो, तिथंच चुकतं. 3-4 आठवडे लावा. स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मात्र नको. खाज दबते, बुरशी पसरते. आमच्या आईनं दोन पावसाळे तेच केलं.

शुगर असेल, पाय सुजला, पू आला तर दवाखाना गाठा. आणि ताप येऊन पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी जा, चिखलात उभं होतो हे डॉक्टरांना सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) शंका असते.