गेम कुठला खेळता ते आधी सांगा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतोय, की आता काय टाकू. विंडोज ११ टाकू, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकू, का कर्ज काढून मॅक घेऊ. या वेळी त्यातलीच काही पत्रं घेतलीत. प्रश्न थोडे छाटलेत, भाषा ज्याची त्याची.

"सर, माझा पीसी २०१७ चा आहे, आय ५ सातव्या जनरेशनचा, १६ जीबी रॅम, १०५० टीआय कार्ड. विंडोज ११ म्हणतंय तुमचा प्रोसेसर चालणार नाही. मित्र म्हणतो लिनक्स टाक, आता सगळे गेम चालतात, स्टीम डेकमध्ये पण लिनक्सच असतं. मी व्हॅलोरंट रोज खेळतो, जीटीए ५ आणि कधीमधी रेड डेड २. टाकू का?" — डिप्लोमाचा विद्यार्थी, सांगली

तुझा मित्र खोटं बोलत नाहीये पण अर्धंच सांगतोय, आणि जे अर्धं राहिलं ना, त्यातच तुझा व्हॅलोरंट बसलाय.

आधी मित्राची बाजू. स्टीम म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, ते चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यात प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी लिहिलेला गेम ग्राफिक्स कार्डाशी डायरेक्टएक्समधून बोलतो, लिनक्सवर डायरेक्टएक्स नसतंच, मग प्रोटॉन मध्ये बसतं आणि त्या सगळ्या सूचना चालू गेममध्येच व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सला कळणाऱ्या भाषेत, बदलून पुढे देतं. गेमला पत्ताच लागत नाही आपण कुठे आहोत. खालचा पाया वाइनचा, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, ते काम १९९३ पासून चालू आहे, पण सामान्य माणसाला वाइन सेट करणं म्हणजे डोक्याला ताप होता, प्रोटॉनने ते इन्स्टॉल आणि प्ले एवढ्यावर आणलं. स्टीम डेक, म्हणजे व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा पीसी, फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तो याच जिवावर. तुझा रेड डेड २ चालेल. जीटीए ५ ची स्टोरी चालेल. एल्डन रिंग, विचर ३, सायबरपंक, सगळे चालतात. काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ तर लिनक्ससाठी वेगळे बनवलेलेच आहेत, त्यांना प्रोटॉनपण लागत नाही.

आता दुसरी बाजू. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, हे विंडोजच्या कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) जाऊन बसतं, मशीन चालू होतानाच. लिनक्सचा कर्नलच वेगळा, तिथे ते बसणार कुठे, आणि गेम बनवणाऱ्या रायटने लिनक्ससाठी काही केलेलं नाही. म्हणजे स्लो चालेल, सेटिंग कमी करावी लागेल असला प्रकार नाही, चालणारच नाही. लीग ऑफ लेजंड्स आधी लोक लिनक्सवर खेळायचे, २०२४ मध्ये त्यालाही व्हॅनगार्ड लागलं आणि तिथलं दुकान बंद. एपेक्स लेजंड्स तर लिनक्सवर व्यवस्थित चालत होता, त्याच्या कंपनीने, ईएने, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी स्वतःहून दार लावून घेतलं, कारण दिलं चीटिंगचं. फोर्टनाइट नाही, कॉल ऑफ ड्यूटीचे नवे भाग नाहीत, पीसीवरचा पबजी नाही. आणि जीटीए ऑनलाइन! सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला बॅटलआय हे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर जोडलं तेव्हापासून लिनक्सवाले बाहेर. यातली गंमत अशी (गंमत कसली, चीडच येते) की बॅटलआय आणि ईझी अँटीचीट दोन्ही प्रोटॉनवर चालू शकतात, गेम बनवणाऱ्यानं तेवढं चालू करायला हवं, बरेच जण करत नाहीत. त्यामुळे "लिनक्सवर गेम चालतात का" असा प्रश्नच विचारू नये, "अमुक गेम चालतो का" हे विचारावं. प्रोटॉनडीबी नावाची साइट आहे, तिथे गेमचं नाव टाकलं की खेळणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले अनुभव दिसतात, कुठल्या कार्डावर, कुठल्या सेटिंगवर. तिथे बघितल्याशिवाय डिस्कवरचं काही पुसू नकोस.

तुझ्यापुरतं सांगायचं तर रोज व्हॅलोरंट म्हणजे विंडोज ठेवावंच लागेल. दोन रस्ते आहेत. पहिला, आहे त्या विंडोज १० वर जादा सिक्युरिटी अपडेट घे. मायक्रोसॉफ्टने घरच्या वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलीत, २२एच२ व्हर्जन हवं, सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची लिंक येते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केलास तर पैसे लागत नाहीत. एवढं सोपं असून लोक करत नाहीत हे मला कळत नाही.

दुसरा रस्ता रुफस या फुकटच्या टूलनं पेनड्राइव्ह बनवून प्रोसेसरचा चेक टाळून विंडोज ११ टाकायचं. ते टाकता येतं, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि एक मेख, विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त ओळखीचीच सिस्टीम चालू देणारी सोय) दोन्ही मागतो. सातव्या जनरेशनच्या बऱ्याच बोर्डांत टीपीएम असतंच, बायोसमध्ये पीटीटी नावानं बंद करून ठेवलेलं असतं (तुझा प्रोसेसर नापास झालाय तो टीपीएममुळे नाही, मायक्रोसॉफ्टची यादीच, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून सुरू होते म्हणून). सिक्युअर बूटसाठी डिस्कची मांडणी जीपीटी पद्धतीची हवी, जुन्या मशीनमध्ये बऱ्याचदा एमबीआर ही जुनी पद्धत असते, ती विंडोजच्याच एमबीआर-टू-जीपीटी टूलनं बदलता येते पण त्याआधी बॅकअप, नाहीतर मला शिव्या देशील.

लिनक्सची हौस असेलच तर वेगळी एसएसडी घाल आणि तिच्यावर टाक. एकाच डिस्कवर दोन्ही ठेवू नकोस. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद कर. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची की आधी कागदावर लिहून घे, मोबाइलमध्ये फोटो नको, कागदावर. आणि विंडोजच्या पार्टिशनवर (त्याची पद्धत एनटीएफएस) असलेली स्टीम लायब्ररी लिनक्समधून उघडून तेच गेम खेळायला जाऊ नकोस, सगळे आधी तेच करतात कारण डाउनलोड वाचतं, पण प्रोटॉन स्वतःचं फोल्डर बनवताना अशा नावांच्या फायली ठेवतं ज्या विंडोजला पचत नाहीत आणि मग चेक डिस्कचे घोळ सुरू. कार्ड एनव्हिडियाचं आहे त्यामुळे मिंट (नवख्यांना सोपी पडणारी लिनक्सची आवृत्ती) टाकल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून त्यांचा ड्रायव्हर निवडायचा, सिक्युअर बूट चालू असेल तर रीस्टार्टला एक निळा स्क्रीन पासवर्ड विचारतो, घाबरायचं नाही, आधी तूच दिलेला असतो तो. डायरेक्टएक्स १२ वाल्या गेममध्ये १०५० टीआयवर फ्रेम विंडोजपेक्षा कमी मिळतील, ११ वाल्यात फार फरक जाणवणार नाही.

"माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, तीन कॉम्प्युटर. भाचा म्हणतो मावशी लायसन्सचे पैसे वाचव, लिनक्स टाकून देतो. टॅली, एक्सेल, जीएसटी एवढंच काम." — नाशिक

ताई, भाच्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. वाइनवर उघडेल कदाचित, पण ३१ जुलैच्या आठवड्यात प्रिंट येईना म्हणून तुम्ही भाच्याला फोन करणार आणि तो कुठल्या तरी ट्रेकवर. क्लायंटकडून येणाऱ्या एक्सेलमध्ये मॅक्रो असतात ते लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं फुकटचं ऑफिस) सगळे धड चालत नाहीत. कंपन्या आणि एलएलपीच्या जीएसटी रिटर्नला डिजिटल सही लागते, म्हणजे ती यूएसबी टोकन, तिचा ड्रायव्हर, वर पोर्टलवर सही करायला लागणारं एमसाइनर. हे सगळं विंडोजवरसुद्धा एका दमात चाललं तर नशीब. (प्रोप्रायटरचं ओटीपीवर भागतं, ते कुठूनही होतं.)

तीनपैकी एक मशीन फक्त मेल, पीडीएफ आणि पोर्टलवर लॉगिन एवढ्यासाठी असेल तर तेवढ्यावर मिंट टाकायला हरकत नाही. पण आधी प्रिंटर कुठला ते बघा. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात आणि सीएच्या ऑफिसात असतो, त्याला लिनक्सवर चालवणं फार कटकटीचं आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना त्रास नाही.

"मुलगी आर्किटेक्चरला जाणार आहे. तिला मॅकबुक एअर हवाय, म्हणते बाबा गेमपण चालतात आता. बजेट लाखाच्या आसपास. घेऊ?" — ठाणे

गेमचं नंतर बघू, आधी कॉलेज. ऑटोकॅड, स्केचअप, रायनो, फोटोशॉप हे मॅकवर आहेत. रेव्हिट नाही, थ्रीडीएस मॅक्स नाही, लुमियन नाही. पहिल्या वर्षी ड्रॉइंग बोर्डावरच जास्त काम असतं त्यामुळे कळणार नाही, पण पुढे रेव्हिट आणि रेंडरिंग सुरू झालं की अडचण होते. पूर्वीच्या इंटेलवाल्या मॅकवर बूट कॅम्पमधून विंडोज टाकून लोक वेळ मारून न्यायचे, नोव्हेंबर २०२० मध्ये एम १ आला तेव्हापासूनच्या मॅकवर बूट कॅम्प नाही. पॅरलल्स या सॉफ्टवेअरमध्ये मॅकच्या आत विंडोज चालतं पण ते एआरएमचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठीचं विंडोज, त्यावर रेव्हिटला कंपनीचा सपोर्ट नाही, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री हे प्रयोग करायचे नसतात.

म्हणून माझं मत, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप, १६ जीबी रॅम, पुढे ३२ करता येईल असा स्लॉट. जड असेल, बॅटरी मॅकच्या जवळपासही टिकणार नाही, चार्जर वीटेसारखा असेल, हे मुलीला आधीच सांगा. कॉलेजच्या सीनियरना पण विचारून घ्या, काही ठिकाणी आर्किकॅड शिकवतात आणि ते मॅकवर छान चालतं, तसं असेल तर माझं वरचं सगळं बोलणं बदलेल.

गेमचं म्हणाल तर मुलगी अगदीच चुकीचं नाही बोलत. बॉल्डर्स गेट ३ मॅकवर आहे, सायबरपंक जुलै २०२५ मध्ये आला, सिम्स ४, माइनक्राफ्ट, स्टारड्यू आहेतच. पण एअरला पंखा नसतो, जड गेम थोडा वेळ चालला की मशीन तापतं आणि स्वतःहून हळू होतं. व्हॅलोरंट मॅकवर कधीच नव्हता. काउंटर स्ट्राइकची गंमत बघा, जुना मॅकवर चालायचा, दुसरा भाग २०२३ मध्ये आला तेव्हा व्हॉल्व्हने मॅक सोडूनच दिला, म्हणजे जी कंपनी लिनक्ससाठी एवढं करते तिलाच मॅकवाले नकोत. आणि मॅकच्या सिस्टीमच्या २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून ३२ बिटचे जुने प्रोग्राम चालतच नाहीत, त्यामुळे जुने विकत घेतलेले बरेच गेम लायब्ररीत नुसते दिसतात.

"दुकानदार पाचशे रुपयात विंडोज ११ प्रो, ऑफिस, सगळं ऍक्टिव्हेट करून देतो म्हणतोय. चालेल का?" — कोल्हापूर

चालेल, आणि त्याच्यासोबत अजून काय काय चालेल ते तुम्हाला दिसणार नाही. ऍक्टिव्हेट करणारं ते टूल आधी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस, बंद करायला लावतं यातच काय ते आलं. नेट बँकिंग करत असाल तर नको. लॅपटॉप ब्रँडेड असेल तर बहुतेक वेळा लायसन्स त्याच्या बोर्डातच असतं, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तीच एडिशन उतरवून टाका, आपोआप ऍक्टिव्हेट होतं.

"मी निवृत्त शिक्षक. लॅपटॉप दहा वर्षांचा, ४ जीबी रॅम, सुरू व्हायला पाच मिनिटं. पेपर वाचणं, यूट्यूब, मेल आणि मराठीत लेख टाइप करणं. संध्याकाळी बुद्धिबळ. नवीन घ्यायची इच्छा नाही." — लातूर

गुरुजी, लिनक्स ज्यांच्यासाठी आहे ते तुम्हीच. वर ज्या अडचणी लिहिल्या त्यातली एकही तुमची नाही.

पण क्रम चुकवू नका, आधी आतली हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवून घ्या, ते पाच मिनिटांचं दुखणं मुख्यतः हार्ड डिस्कचं आहे, नुसतं लिनक्स टाकून ते जाणार नाही. रॅमचा स्लॉट मोकळा असेल तर आणखी ४ जीबी. मग लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी सगळ्यात हलकी. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, काही पुसलं जात नाही, वायफाय आणि आवाज चालतोय का ते तिथेच कळतं.

मराठीचं असं आहे. तुम्ही इन्स्क्रिप्टवाले (सरकारी मराठी कीबोर्ड मांडणीवाले) असाल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की झालं. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची सवय असेल तर इनपुट मेथडमध्ये जाऊन आयबस आणि त्याचं एम१७एन टाकून घ्या, त्यात मराठीचे फोनेटिक आणि आयट्रान्स दोन्ही मिळतात, दोन दिवस चुकेल मग हात बसेल. जुने लेख श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर फॉन्टची फाइल कॉपी केली की लिब्रेऑफिसमध्ये ते वाचता येतात, पण श्रीलिपीचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे, ते इथे येणार नाही. त्यामुळे जुनं विंडोज पुसायच्या आधी ते सगळे लेख युनिकोडमध्ये करून घ्या, नातवंडं सुट्टीला आलेली असतील तेव्हा हे काम त्यांना द्या. बुद्धिबळासाठी लिचेस नावाची साइट ब्राउझरमध्ये उघडते, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. ऑफलाइन हवं असेल तर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ग्नोम चेस आहे, त्याची लेव्हल आधी सोपीवर ठेवा.