अटल सेतूसारखी कामं मशीनंच करतात ना, मग कुशल कारागिराचं एवढं कौतुक कशाला?

मशीनं करतात हे अर्धंच खरं आहे. मी रबाळे एमआयडीसीत प्लॅस्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे सेतूचं नंतर बघू, आधी डायबद्दल सांगतो, कारण ते माझ्या रोजच्या डोळ्यासमोरचं आहे.

डाय म्हणजे पोलादाचे दोन भाग, मध्ये पोकळी, तिच्यात वितळलेलं प्लॅस्टिक प्रेशरने मारायचं. आता हे दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे दोन-तीन शतांश मिलिमीटर फट राहिली तरी नायलॉनसारखा पातळ वाहणारा माल बरोबर तिथून बाहेर येतो, पार्टच्या कडेला पापुद्रा धरतो, त्याला फ्लॅश म्हणतात, आणि मग बसा ब्लेड घेऊन कापत. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर असतो, म्हणजे विचार करा.

व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर पोलाद कापणारं मशीन, भारी काम करतं, वादच नाही. पण कटर झिजतो, पोलाद हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला, जाऊन आलं की थोडं तरी वाकतं, आणि दोन ब्लॉक बरेचदा वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या मशीनवर झालेले असतात. मग ते येतात फिटरच्या, म्हणजे भाग हाताने जुळवणाऱ्या कारागिराच्या टेबलावर आणि सुरू होतं ब्लू मॅचिंग. आमच्या टूलरूमला, म्हणजे जिथे डाय तयार होतात तिथे, एक वयस्कर फिटर आहेत, सगळे मामाच म्हणतात. ते एका भागावर निळा रंग बोटाने इतका पातळ पसरवतात की खालचं पोलाद दिसत राहतं, मग दोन्ही भाग बंद करून दाबतात, उघडतात, आणि समोरच्या भागावर निळा कुठे उमटला ते बघतात. जिथे उमटला तिथे उंचवटा, तेवढाच दगडाने घासायचा. पुसा, परत निळा, परत बंद. कडेने सगळीकडे सारखा निळा येईपर्यंत हेच, कधी कधी दोन-दोन दिवस.

खरी गंमत तो निळा वाचण्यात आहे. नवीन पोराला वाटतं जिथे जास्त गडद तिथे जास्त उंच. पण सगळ्यात उंच जागी दाब एवढा असतो की रंग बाजूला सरकतो, मध्ये चकचकीत ठिपका राहतो आणि भोवती निळी कड. मामा तो ठिपका आधी घेतात, गडद डाग नंतर. आणि रंग जाड लागला तर खोलगट जागासुद्धा निळी दिसते, म्हणजे सगळं मॅच झालंय असं वाटतं आणि पहिल्यांदा प्लॅस्टिक मारलं की लगेच फ्लॅश. एवढं येऊनही पगारात मशीनचा प्रोग्राम बनवणारा पुढे आणि मामा मागे, हे मला आजवर पटलेलं नाही.

आणि ही पद्धत जुनी आहे बरं का. मशीनला लागणारा सपाट पृष्ठभाग पहिल्यांदा आला कुठून? हातानेच. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० च्या सुमारास हे मांडलं की दोनच प्लेटा खरवडून एकमेकींशी जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही जुळतील, म्हणून तीन घ्यायच्या आणि आलटून पालटून प्रत्येकीला बाकी दोघींशी जुळवायचं. तिन्ही कशाही फिरवून जुळल्या की तिन्ही सपाटच असणार, दुसरा पर्यायच उरत नाही. एवढं साधं डोकं, पण मला तरी कुठल्याही मोठ्या मशीनपेक्षा हे जास्त भारी वाटतं.

आता अटल सेतू. २१.८ किलोमीटर, त्यातला साधारण १६.५ समुद्रावर, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्यातले काही गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, स्टीलचे आहेत, सगळ्यात मोठा १८० मीटरचा. अशा स्टीलच्या डेकमध्ये, म्हणजे रस्त्याखालच्या पोलादी भागात, वरच्या पत्र्याला खालून आधाराच्या लांबच लांब पट्ट्या, म्हणजे रिब, वेल्ड केलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं ट्रक जाऊन जाऊन चीर पडायचीच झाली तर बहुतेक त्या वेल्डपाशी सुरू होते. वेल्डिंग मशीनने केलं तरी दोन तुकड्यांमधली गॅप किती ठेवायची, टॅक, म्हणजे आधीचा तात्पुरता छोटा वेल्ड, कुठे मारायचा, वेल्ड झाल्यावर पत्रा कुठल्या बाजूला ओढला जाईल हे आधीच धरून तुकडे एकमेकांना कसे लावून ठेवायचे, ते फिटर आणि वेल्डर ठरवतात.

बघायचंच असेल तर सेतूवर गाडी थांबवता येत नाही, त्यापेक्षा रबाळे, महापे नाहीतर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या टूलरूममध्ये ओळख काढून जा. दुपारच्या चहाच्या वेळी गेलात तर मिस्त्री लोक हौसेने दाखवतात. फक्त मॅच केलेल्या जागेला बोट लावू नका, घामाने गंज धरतो आणि मग शिव्या खाल.